दुसऱ्या खुर्चीतली वर्षं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात भाषा शिकवत, पण संध्याकाळी हमखास मैदानाच्या कडेला उभे दिसत. कोणाचा सामना आहे, कोण जिंकतंय, याची त्यांना फारशी चौकशी नसे. शिकवणारा कसा शिकवतो आहे, तेवढं ते पाहत. म्हणून आज मैदानावर शिकवणाऱ्याबद्दल बोलायचं ठरवलं. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल मैदानावर उभा असलेला माणूस पुढे एखाद्या मोठ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक कसा होतो, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या मैदानावरून ही वाट पुढे का जात नाही, हा माझा विषय आहे. मी नोकरीभर महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होतो. त्यामुळे हा प्रश्न मी बाहेरून पाहिलेला नाही.

सुरुवात भारतीय संघापासून करतो. जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वुहान शहरात आशिया चषक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघानं चीनला ६५-५८ असं हरवलं. आशियाई बास्केटबॉलमध्ये चीनची सत्ता किती जुनी आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या आकड्यांचं मोल वेगळं सांगायला नको. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग २०१२ मध्ये भारतात आले होते. ते कुठून आले? एखाद्या नामांकित व्यावसायिक संघाच्या गादीवरून नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात माउंट व्हर्नन नाझरीन नावाचं एक छोटं, चर्चनं चालवलेलं विद्यापीठ आहे. तिथं त्यांनी अनेक वर्षं मुलांना शिकवलं होतं. त्यानंतर टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगमधल्या संघात सहायक म्हणून काम केलं, आणि मग ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणजे एका छोट्या कॉलेजचा मास्तर देशाच्या संघापर्यंत पोचला, फक्त तो देश आपला आणि ते कॉलेज त्यांचं. आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजमधून असा माणूस त्या खुर्चीपर्यंत जायला काय हरकत होती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

उत्तर शोधायला अमेरिकेतच जावं लागतं, कारण हा खेळ आणि हा व्यवसाय दोन्ही तिथल्या कॉलेजांत वाढले.

१८९१ च्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकानं सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा विद्यार्थ्यांना नऊ-नऊच्या दोन संघांत खेळायला लावलं. हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. पुढचं कमी जण सांगतात. नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात प्रार्थनागृह आणि व्यायामशिक्षण सांभाळायला गेले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघानं ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्ससच्या सगळ्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच. खेळ त्यांनी निर्माण केला खरा, पण तो शिकवण्याचा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुलांनी खेळावं, त्यातून माणूस घडावा, एवढीच त्यांची धारणा. त्यांचाच खेळाडू फॉग ॲलन याला मात्र प्रशिक्षकच व्हायचं होतं. १९०७ मध्ये त्यानं गुरूची जागा घेतली, मध्ये काही वर्षं बाहेर जाऊन परत आला आणि १९५६ पर्यंत तिथं राहिला. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांची वंशावळ ॲलनपासून सुरू होते.

१९५२ मध्ये ॲलनच्या कॅन्सस संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघात डीन स्मिथ नावाचा एक राखीव खेळाडू होता, मैदानात कमी आणि बाकावर जास्त. बाकावर बसून तो ॲलन काय करतात ते पाहत राहिला. शिक्षण संपल्यावर आधी ॲलन यांच्याच हाताखाली, मग हवाई दलाच्या अकादमीत, मग १९५८ पासून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रँक मॅग्वायर यांच्या हाताखाली त्यानं सहायक म्हणून काम केलं. १९६१ मध्ये तो तिथला मुख्य प्रशिक्षक झाला. पहिली वर्षं कठीण गेली. १९६५ मध्ये एका पराभवानंतर विद्यापीठातल्याच पोरांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला. विद्यापीठानं मात्र त्यांना काढलं नाही. १९९७ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा नावावर ८७९ विजय होते.

या स्मिथ यांच्या सरावाला एक विद्यार्थी येऊन बसे. त्याचं नाव रॉय विल्यम्स. विद्यापीठाच्या मुख्य संघात खेळण्याइतका तो तयार नव्हता. तो वरच्या बाकांवर बसून सरावाची टिपणं काढी आणि सामन्यांचे आकडे नोंदवी. शिक्षण संपल्यावर आपल्या डोंगराळ मुलखातल्या एका हायस्कूलमध्ये तो पाच वर्षं प्रशिक्षक होता. १९७८ मध्ये स्मिथनी त्याला अर्धवेळ सहायक म्हणून बोलावलं. वर्षाचा पगार २,७०० डॉलर, तोही बायको आणि लहान मूल घरी असताना. विल्यम्स तरीही गेले. घर चालवायला रविवारी गाडी काढून स्मिथ यांच्या दूरदर्शन कार्यक्रमाच्या टेप वेगवेगळ्या केंद्रांवर पोचवू लागले, संघाची कॅलेंडरं विकू लागले. सहायकपदावर दहा वर्षं गेली. १९८८ मध्ये कॅन्ससला मुख्य प्रशिक्षक हवा होता. विल्यम्स यांनी तोवर कुठल्याही कॉलेज संघाचं नेतृत्व केलेलं नव्हतं. स्मिथ यांच्या शब्दावर विसंबून कॅन्ससनं त्यांना नेमलं. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांनी तिथं ४१८ सामने जिंकले. २००३ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनाला परतले आणि तिथं तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

नेस्मिथपासून विल्यम्सपर्यंत ही चार माणसं झाली. त्यातल्या शेवटच्या दोघांची खरी तयारी मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारच्या दुसऱ्या खुर्चीत झाली. अंतिम निर्णय आपला नसतो, हरल्याचा सगळा भारही आपल्यावर नसतो, आणि तरी रोज मैदानावर असतो, अशी ही वर्षं. या वर्षांत माणूस प्रशिक्षक होतो. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर तो शिकलेलं वापरतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि उरलेलं बोलणं त्याच्याच आधाराचं आहे.

एका माणसाबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण त्याला ही खुर्चीसुद्धा नाकारली गेली होती. जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससमध्ये नेस्मिथ यांच्या उतारवयात शिकायला आला. विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. खेळता येत नाही, मग सहायक कुठला होणार? नेस्मिथनी त्याला जवळ केलं आणि शारीरिक शिक्षणाचा अभ्यास पुरा करायला पाठबळ दिलं. १९३६ मध्ये पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत शिकवू लागला. वेगवान चढाईचा खेळ रुजवणाऱ्यांत त्याचं नाव अग्रणी आहे. १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षं त्याच्या टेनेसीच्या संघानं आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. स्वतःच्या विद्यापीठाच्या संघातून एक सामनाही न खेळलेला हा माणूस. मोठा खेळाडू असल्याशिवाय प्रशिक्षक होता येत नाही, असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मला मॅकलेंडन आठवतात आणि मनापासून राग येतो.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेनं, म्हणजे एनसीएएनं, १९९२ पासून काटकसरीच्या नावाखाली सहायकांची एक ‘मर्यादित वेतन’ श्रेणी लागू केली. वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर, त्यातले १२,००० शैक्षणिक वर्षाचे आणि ४,००० उन्हाळ्याचे. मुख्य प्रशिक्षकांचे करार लाखांच्या घरात जात होते तेव्हाची ही गोष्ट. सहायकांनी खटला भरला. १९९५ मध्ये न्यायालयानं नियम बेकायदा ठरवला, आणि अखेर १९९९ मध्ये संघटनेला ५ कोटी ४५ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

या मर्यादित वेतनावर काम केलेल्यांत ड्यूक विद्यापीठाचे पीट गॉडेट होते. आधी लष्करी अकादमीच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक आणि मग ड्यूकमध्ये वर्षानुवर्षं माइक शिशेव्स्की यांचे सहायक. मोठ्या अंगाच्या खेळाडूंना टोपलीजवळ पाय कसे ठेवायचे हे शिकवण्यात त्यांचा हातखंडा. १९९४-९५ च्या मोसमात शिशेव्स्कींची पाठ दुखावली, ते रजेवर गेले आणि संघ गॉडेट यांच्या गळ्यात आला. चार विजय, पंधरा पराभव. मोसम संपल्यावर त्यांनी ड्यूक सोडलं. हेच गॉडेट २०११ मध्ये भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. आपल्या मुलींना पाय ठेवायला शिकवायला त्या वेळी आलेला माणूस आयुष्य दुसऱ्या खुर्चीत घालवलेला होता. आपल्याकडे खेळाडूंचे फोटो लागतात, विजेत्यांचे फ्लेक्स लागतात. पण गॉडेट इथं येऊन गेले याची जाण खेळातल्या लोकांनासुद्धा फारशी नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता घरी येऊ. आपल्या महाविद्यालयांत खेळाचा कारभार पाहणाऱ्याला आपण क्रीडा संचालक म्हणतो. त्याच्या नेमणुकीला शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी लागते, नेट किंवा पीएच. डी. लागते, खेळाडू म्हणून भाग घेतल्याचा पुरावा लागतो. तीस वर्षांच्या आतल्या पुरुष उमेदवारानं बारा मिनिटांत १,८०० मीटर धावून दाखवायचं असतं. हे सगळं योग्यच आहे. पण कोणाच्या हाताखाली, कोणता खेळ, किती दिवस शिकवलास, हे त्याला कोणी विचारत नाही. नेमणूक झाली की कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ त्याच्या एकट्याच्या अंगावर येतात. शिवाय योगदिन, परीक्षा, प्रवेश आणि नॅकची कागदपत्रं वेगळीच.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मुली कोर्टवर वॉर्मअप करताहेत. संचालक कोर्टवर नाहीत. ते झाडाखालच्या टेबलाशी बसून पात्रता अर्जांना फोटो चिकटवताहेत. एकीची गुणपत्रिका राहिली आहे, ती मोबाइलवर मागवून झेरॉक्स काढायला पोरगा पाठवला आहे. कोर्टवर मागच्या वर्षी विद्यापीठाकडून खेळलेली एक मुलगी उभी आहे. तिचं शिक्षण संपलंय, सकाळी ती एका शाळेत तासिकेवर शिकवते आणि संध्याकाळी हौसेनं येते. पहिल्या वर्षाची एक पोरगी लेअप मारताना उजव्या पायावरून उडते आहे, त्यामुळे उजवा हात वर जातच नाही आणि चेंडू फळीला खालून लागून परत येतो. ही तिला थांबवते. खडूनं जमिनीवर दोन खुणा करते, आधी उजव्या पायाची, पुढे डाव्याची. चेंडू काढून घेते आणि नुसतं चालत जायला लावते. उजवा, डावा, उडी. पुन्हा. मग सावकाश धावत. चेंडू सगळ्यात शेवटी. फळीवरच्या चौकोनाचा वरचा कोपरा दाखवते आणि सांगते, तिकडं बघ, रिंगकडं नाही. पंधरा मिनिटांत पोरीचा पाय बदलतो.

तिनं केलं ते शुद्ध प्रशिक्षण होतं. दोष नेमका ओळखला, तो सुटा केला, सोप्याकडून अवघडाकडे नेला. ही जाण पुस्तकातून अर्धीच येते. आपल्या पोरी बहुतेक खो-खो खेळून आलेल्या असतात. बचावाला त्या फार चांगल्या, कारण गुडघ्यांत वाकून खाली राहणं आणि झटक्यात दिशा बदलणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. ड्रिबल करताना मात्र नजर जमिनीवर जाते. हे वर्ध्यातल्या, हिंगणघाटातल्या, आर्वीतल्या मैदानांवर उभं राहिलेल्यालाच कळतं. स्कॉट फ्लेमिंग यांना ते कळायला वेळ लागला असता. पण त्या मुलीनं दोन वर्षांत लग्न केलं, गाव सोडलं, आणि ती जाण तिच्याबरोबर गेली. तिला महिना काही देता आलं असतं तर ती थांबली असती, असं मला आजही वाटतं.

विद्यापीठाच्या संघाचं चित्रही फार वेगळं नाही. निवड होते, स्पर्धेआधी काही दिवसांचं शिबिर लागतं, कोणाला तरी प्रशिक्षक म्हणून आणि कोणाला तरी व्यवस्थापक म्हणून पाठवलं जातं. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत आपली मुलं एकदा हरली की सगळे घरी. पुढच्या वर्षी मुलं वेगळी आणि प्रशिक्षकही बऱ्याचदा वेगळा. मागच्या वर्षी आपला झोन डिफेन्स कोणत्या कोपऱ्यात फुटला, हे सांगणारी वही कोणाजवळ नसते.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे, ती संस्था १९६१ पासून उभी आहे, आणि तिथून आलेल्या माणसांनी या देशात मोठं काम केलं आहे. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत ५२ वा घेतला गेला, त्याच्या घडणीत लुधियानाच्या अकादमीचा आणि तिथल्या सुब्रमण्यन सरांचा हात होता. तेव्हा आपल्या मातीत प्रशिक्षक होत नाहीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण पदविका घेऊन आलेला मुलगा जिल्ह्यात परततो तेव्हा त्याला कोणाचा सहायक म्हणून उभं राहायला जागा नसते. एक तर पूर्ण नोकरी, नाही तर काहीच नाही.

क्रिकेटनं ही मधली जागा निर्माण केली, आणि तिचं फळ आपण महाराष्ट्रात पाहिलं. अमोल मुजुमदार भारताकडून एकही सामना खेळले नाहीत. खेळणं थांबल्यावर त्यांनी राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक म्हणून काम केलं, २०१९ मध्ये भारत दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाची फलंदाजी पाहिली, २०२१ मध्ये मुंबईचा संघ हाती घेतला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्यांच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. आपल्या विदर्भाचंच बघा. २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी दोन रणजी विजेतेपदं मुंबईहून आलेल्या चंद्रकांत पंडित यांच्या हाताखाली आली. तिसरं आलं मार्च २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले. आधी बाहेरून जाणता माणूस आणा आणि मग घरचा माणूस उभा करा, हा क्रम विदर्भ क्रिकेटला साधला. बास्केटबॉलला का साधू नये? पैसा कमी आहे, मान्य. पण इथं लागणारा पैसाही कमीच आहे.

आणि वर्ध्यानं हा विचार दुसऱ्या कोणाकडून शिकावा अशी वेळ यायलाच नको होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच गावात, मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीनं योजना लिहिली आणि ती वर्धा शिक्षण योजना म्हणून देशभर गेली. हातानं काम करत करत, जाणत्या माणसाशेजारी बसून शिकायचं, हे तिचं सूत्र होतं. शेजारच्या अमरावतीत तर त्याही आधी, १९१४ मध्ये, वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याचं काम सुरू केलं होतं. पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आला. आखाड्यात वरचा गडी खालच्या गड्याला शिकवतो आणि वस्ताद बाजूला बसून पाहतो. विल्यम्स वरच्या बाकांवर बसून काढत होते ती टिपणं आणि आखाड्यातलं हे शिक्षण, दोन्हींची जात एकच.

तर माझी सूचना अशी आहे. या जिल्ह्यातल्या माजी खेळाडूंनी, महाविद्यालयांनी आणि इथल्या उद्योगांनी मिळून एक निधी उभा करावा. त्यातून दरवर्षी दोन सहायक प्रशिक्षक नेमावेत, त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे. मुदत दोन वर्षं. मानधन महिना पंधरा-अठरा हजारांच्या खाली नको, म्हणजे तासिकांच्या मागे धावावं लागणार नाही. रोज संध्याकाळी तीन तास कोर्टवर. प्रत्येक सरावाची वही, आणि ती वही महाविद्यालयात राहील, माणूस गेला तरी. अर्ज, रेल्वेची तिकिटं, जेवणाचा हिशेब यातलं काहीही सहायकावर टाकायचं नाही, नाही तर दोन वर्षांत आपण कारकून तयार करू. दुसऱ्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत संपूर्ण संघ त्याच्या किंवा तिच्या हाती द्यायचा, आणि टाइमआउटमध्ये संचालकांनी तोंड उघडायचं नाही. त्या साठ सेकंदांत पाच घामाघूम पोरांना नेमकी एकच गोष्ट सांगायची असते. ती कोणती, हे ठरवण्याची सवय नुसतं दुसऱ्याच्या मागे उभं राहून लागत नाही.

संयोजकांपैकी एकांनी परवा मला विचारलं, सर, असा मुलगा तयार झाला की तो पुण्याला नाही तर मुंबईला जाणार, मग आपण पैसे कशाला घालायचे? जाऊ द्या त्याला. स्मिथ यांनी दहा वर्षं जवळ ठेवलेला माणूस स्वतः शब्द टाकून कॅन्ससला पाठवला, आणि त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाचं काही बिघडलं नाही. आपला मुलगा गेला, तर जाताना त्याची वही इथं राहील. ती पुढच्या सहायकाच्या हाती द्यायची आणि त्याच आठवड्यात सराव पुढे सुरू करायचा.